'व्हिव्हिड' वीस लाख खपला, पण जामीन कोणी दिला?

रॉक संगीत म्हणजे गोऱ्यांचे संगीत, असे जगभर मानले जाते. लांब केस, गळ्यात गिटार, कानठळ्या बसवणारा आवाज आणि समोर हजारो गोरी पोरे, हे चित्र टीव्हीने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचवले. हे चित्र खोटे आहे. ते खोटे कोणी रचले आणि बाजाराने ते इतकी वर्षे कसे पोसले, हे समजून घ्यायचे असेल तर १९८८ साली अमेरिकेत निघालेल्या एका अल्बमची हकिगत पाहावी लागेल. अल्बमचे नाव 'व्हिव्हिड', बँडचे नाव 'लिव्हिंग कलर'. बँडमध्ये चार जण आणि चौघेही कृष्णवर्णीय.

आंबेडकरी दैनिकाच्या या पानावर रॉकचे काय काम, असे काही वाचक विचारतील. त्यांना आम्ही एवढीच आठवण देतो की १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी मुंबईत जी संघटना उभी केली, तिने 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेवरून घेतले. त्याच्याही पूर्वी, १९४६ साली, खुद्द बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंतास पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. वर्ण आणि जात या एकच गोष्टी नाहीत, हे आम्हीही जाणतो. पण त्या माणसांना कोणत्या दारातून आत घेतले जाते आणि कोणत्या दारावर अडवले जाते, याचा अभ्यास करण्याची सवय आम्हाला बाबासाहेबांनीच लावली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अमेरिकेत 'बिलबोर्ड' नावाचे साप्ताहिक आहे. कोणती गाणी किती खपली, किती वाजली, याच्या याद्या ते छापते आणि सगळा संगीतधंदा त्या याद्यांवर चालतो. या साप्ताहिकाने कृष्णवर्णीयांच्या गाण्यांसाठी वेगळी यादी ठेवली. १९४२ साली तिचे नाव 'हार्लेम हिट परेड' होते. १९४५ साली ते 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे सरळसरळ 'वंशाच्या तबकड्या', असे झाले. १९४९ साली 'रिदम अँड ब्लूज', १९६९ साली 'सोल', आणि १९८२ साली चक्क 'ब्लॅक'. 'व्हिव्हिड' निघाला तेव्हा या यादीवर 'ब्लॅक' हीच पाटी होती. पाटी बदलत राहिली, खण तोच राहिला. आम्हाला हे नव्याने शिकवायला नको. महारवाडा होता, त्याचा हरिजनवाडा झाला, पुढे नगर नि वाडी झाली. २०२० साली महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णयही घेतला. वस्ती मात्र गावाच्या ज्या दिशेला होती त्याच दिशेला राहिली.

यादी वेगळी असली की पैसाही वेगळा होतो. रेडिओ केंद्र वेगळे, दुकानातले कपाट वेगळे, कंपनीत खाते वेगळे आणि त्या खात्याची जाहिरातीची रक्कमही वेगळी. मोठ्या कंपन्यांनी सत्तरच्या दशकात कृष्णवर्णीय संगीताची स्वतंत्र खाती उघडली तेव्हा ती प्रगती म्हणून सांगितली गेली. काही अंशी ती होतीही, कारण त्या खात्यांत कृष्णवर्णीय अधिकारी आले. पण त्याचबरोबर काळ्या माणसाने काय वाजवायचे याची हद्द कागदावर आखली गेली.

आणि रॉक जन्मला कुठे? याच खणात जन्मला. चर्चमध्ये भजने गाणारी सिस्टर रोझेटा थार्प इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती तेव्हा पुढे 'रॉकचा राजा' म्हणून मिरवलेला एल्विस प्रेस्ली शाळकरी पोर होता. चक बेरीने १९५५ साली 'मेबलीन' हे गाणे केले. गाणे त्याचे एकट्याचे, पण कागदावर गीतकार म्हणून तीन नावे लागली. दोन नावे उपऱ्यांची. त्यातला एक ॲलन फ्रीड हा रेडिओवर तबकड्या वाजवणारा निवेदक होता. गाणे वाजवायचे तर मानधनात वाटा दे, असा तो व्यवहार. ती दोन नावे कागदावरून निघायला १९८६ साल उजाडले! एकतीस वर्षे लागली. लिटल रिचर्डचे 'टुटी फ्रुटी' घ्या. १९५६ साली त्याची तबकडी सर्वसाधारण यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेली. तेच गाणे पॅट बून या गोऱ्या गायकाने सभ्य करून गायले, ते बाराव्या क्रमांकावर गेले. ज्याच्या घामाचे गाणे, तो खाली. ज्याने इस्त्री केली, तो वर.

जिमी हेंड्रिक्स हा गिटारचा सार्वभौम कलावंत, पण अमेरिकेतला हा कृष्णवर्णीय तरुण आधी लंडनला जाऊन नावारूपाला आला आणि मग मायदेशाने त्याला पाहिले. १९७० साली तो वारला. त्यानंतरच्या अठरा वर्षांत अमेरिकेच्या पोरांना अशी शिकवण मिळाली की गिटारचा गडगडाट हा गोऱ्यांचा मामला आहे, काळ्यांनी नाचाची गाणी करावीत. १९८१ साली एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली. पहिल्या दीड-दोन वर्षांत तिच्यावर कृष्णवर्णीय चेहरे इतके थोडे दिसत की १९८३ साली डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने मुलाखतीत वाहिनीच्याच निवेदकाला त्याबद्दल तोंडावर जाब विचारला. वाहिनीचे म्हणणे असे की आम्ही रॉक दाखवतो. म्हणजे पाहा, आधी रॉकमधून काळ्यांना काढायचे आणि मग रॉक दाखवतो म्हणून काळे दाखवत नाही म्हणायचे. अर्ज करण्यास अपात्र ठरवायचे आणि मग पात्र उमेदवार मिळाला नाही म्हणून जागा खुल्या प्रवर्गात वळवायची, हा अनुशेषाचा खेळ आमच्या वाचकांना परिचित आहे.

अशा काळात, १९८४ साली, न्यूयॉर्कमध्ये व्हर्नन रीड या गिटारवादकाने 'लिव्हिंग कलर' उभा केला. रीडचा जन्म लंडनचा, आईवडील कॅरिबियन बेटांवरचे, वाढ ब्रुकलिनमधली. बँडच्या नावात तो 'कलर'चे स्पेलिंग इंग्रजी पद्धतीने लिहितो ते त्यामुळेच. पुढे गायक कोरी ग्लोव्हर, बेसवादक मझ स्किलिंग्ज आणि ड्रमवादक विल कॅल्हून आले. ग्लोव्हर नट होता. व्हिएतनाम युद्धावरच्या 'प्लाटून' चित्रपटात तो दिसतो. कॅल्हूनने तर बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयात संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले. म्हणजे गुणवत्ता नव्हती असे म्हणायची सोय नव्हती. तरी कंपन्यांचे दार उघडेना. रॉकचे खाते म्हणे, हे काळे आहेत, पलीकडच्या टेबलावर जा. काळ्यांचे खाते म्हणे, हे तर रॉक आहे, पलीकडच्या टेबलावर जा. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी फिरलेल्या माणसाला हे चित्र डोळ्यापुढे आणायला वेळ लागणार नाही.

रीडने यावर जे केले ते आम्हाला या संपूर्ण हकिगतीत सर्वांत मोलाचे वाटते. १९८५ साली त्याने पत्रकार ग्रेग टेट आणि निर्मात्या कोंडा मेसन यांच्यासोबत 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही संघटना काढली. आपल्या बँडची जाहिरात करणारी ही मंडळी नव्हती. कृष्णवर्णीय कलावंताला कोणतेही संगीत करण्याचा हक्क आहे आणि रॉक ही आमच्या बापजाद्यांची कमाई आहे, असे त्यांनी जाहीरनाम्यात मांडले. सभा घेतल्या, एकमेकांच्या बँडना मंच मिळवून दिला, कंपन्यांच्या वागणुकीवर लिहिले. आधी संघटना, मग अल्बम, हा क्रम नीट लक्षात घ्यावा.

पण दार शेवटी उघडले ते संघटनेमुळे नव्हे. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये 'रोलिंग स्टोन्स'चा गायक मिक जॅगर याने या पोरांना ऐकले. त्याने रीडला आपल्या स्वतःच्या अल्बममध्ये गिटारसाठी घेतले, बँडची दोन गाणी स्वतः उभे राहून ध्वनिमुद्रित करून दिली आणि मग एपिक या बड्या कंपनीने करार केला. ती दोन गाणी 'ग्लॅमर बॉईज' आणि 'व्हिच वे टू अमेरिका', आणि दोन्ही 'व्हिव्हिड'वर आहेत. बाकी अल्बम एड स्टेसियम या निर्मात्याने केला. ३ मे १९८८ रोजी तो बाजारात आला.

जॅगरने चांगले केले, यात वाद नाही. ओळख झाल्यावर कितीतरी मोठी माणसे पाठीवर थाप मारून निघून जातात. त्याने वेळ दिला, नाव दिले. पण आम्ही वकिलीच्या भाषेत विचार करतो आणि आम्हाला इथे जामीन दिसतो. गुन्हा नसताना चार माणसे बाहेर थांबलेली आहेत आणि एक प्रतिष्ठित इसम हमी देतो म्हणून त्यांना आत सोडले जाते. त्यातली गंमत अशी की हमी देणाऱ्याने स्वतःचा सगळा धंदा त्यांच्याच आजोबांकडून शिकलेला. 'रोलिंग स्टोन्स' हे नावच मुळात मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाच्या गाण्यावरून घेतलेले आहे! विहीर खणली त्यांनी, आणि पाण्याची परवानगी द्यायला आला पाणी भरून नेणारा.

अल्बममध्ये होते काय? पहिलेच गाणे 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी', म्हणजे व्यक्तिपूजा. ते सुरू होते माल्कम एक्स यांच्या आवाजाने. १९६३ साली डेट्रॉईटमध्ये तळागाळातल्या माणसांपुढे केलेल्या त्यांच्या भाषणाचा तो तुकडा आहे. त्यावर गिटारचा घणाघात येतो आणि मग मुसोलिनी, केनेडी, स्टालिन, गांधी असे एकमेकांशी कधीही न जमलेले पुढारी एका रांगेत उभे केले जातात. पुढारी चांगला की वाईट, हा गाण्याचा प्रश्न नाही. माणसे आपला विवेक पुढाऱ्याच्या चेहऱ्यापुढे गहाण कशी टाकतात, हा प्रश्न आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी नेमका हाच इशारा दिला होता. धर्मातली भक्ती कदाचित आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती देशाला अधोगतीकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा त्या इशाऱ्याचा आशय. आमच्या सभांच्या फ्लेक्सवर हा इशारा सहसा छापला जात नाही. तिथे गल्लीपासून दिल्लीपर्यंतच्या नेत्यांचे चेहरेच इतके असतात की मजकुराला जागा उरत नाही.

आणखी एक गाणे 'ओपन लेटर', घरमालकाला लिहिलेले उघडे पत्र. वस्तीतली घरे जाळून, पाडून, माणसे हुसकावून तिथे उंची इमारती उभारणाऱ्या मालकाला उद्देशून ते आहे. ते रीडने कवयित्री ट्रेसी मॉरिस यांच्यासोबत लिहिले. योगायोग असा की अल्बम निघाल्यावर तीन महिन्यांनी, ऑगस्ट १९८८ मध्ये, न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेत याच प्रश्नावरून पोलीस आणि रहिवासी यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली. मुंबईत ज्यांच्या दाराला पुनर्विकासाची नोटीस चिकटली त्यांना या गाण्याचा अर्थ भाषांतर न करता कळावा. 'फनी व्हाईब' हे गाणे रस्त्याने जाणाऱ्या काळ्या माणसाला पाहून गोऱ्या बाईने पर्स घट्ट धरावी, त्या नजरेवर आहे. 'पब्लिक एनिमी' या रॅप गटाचे दोघे त्यात साथीला आहेत. बाकीची काही गाणी प्रेमाबिमाची आहेत, ती आम्हाला फारशी भावली नाहीत. सगळा अल्बम क्रांतीचा जाहीरनामा आहे असे आम्ही म्हणणार नाही, आणि तसा तो असण्याचे कारणही नाही. कृष्णवर्णीय माणसाने बारा महिने चोवीस तास अन्यायावरच गावे, ही सक्तीसुद्धा एक खणच आहे.

आता खपाचा हिशेब. पहिले काही महिने अल्बम रखडला. रॉक केंद्रांना त्याचे काय करावे कळेना. कृष्णवर्णीय संगीताच्या केंद्रांनीही त्याला फारसे जवळ केले नाही, हे कबूल केले पाहिजे. आपल्या खणाची सवय खणात टाकलेल्यांनाही होते. पण बँड गावोगाव वाजवत राहिला. पुढे एमटीव्हीने 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी'ची चित्रफीत उचलली आणि दिवसातून अनेकदा दाखवली. तीच एमटीव्ही. मग मात्र गाडी सुटली. गाणे सर्वसाधारण यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेले. अल्बम निघाल्यानंतर साधारण वर्षभराने, १९८९ साली, बिलबोर्डच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकावर पोहोचला. पुढे त्याला दुहेरी प्लॅटिनम मिळाले. दहा लाख प्रतींना एक प्लॅटिनम, म्हणजे एकट्या अमेरिकेत वीस लाख प्रती. एमटीव्हीचे पुरस्कार मिळाले. १९९० साली ग्रॅमी पुरस्कारांत हार्ड रॉकचा विभाग पहिल्यांदाच स्वतंत्र झाला, आणि तो पहिला पुरस्कार या चौघांनी नेला.

म्हणजे काळ्या माणसाचा रॉक खपत नाही, हा युक्तिवाद पुराव्यासकट निकालात निघाला. घेणारे बहुतेक गोरेच तरुण होते. गिऱ्हाइकाला अडचण नव्हती. अडचण गल्ल्यावर बसलेल्याला होती, आणि तो ती गिऱ्हाइकाच्या नावावर खपवत होता. 'आम्हाला काही नाही हो, पण लोकांना चालत नाही', हे वाक्य घर भाड्याने शोधणाऱ्या आमच्या मुलामुलींनी पुण्या-मुंबईत किती वेळा ऐकले असेल!

पण खप म्हणजे न्याय नव्हे, याचाही पुरावा त्याच वर्षी मिळाला. १९८९ साली 'रोलिंग स्टोन्स'च्या अमेरिका दौऱ्यात 'लिव्हिंग कलर'ला आधी वाजवण्याची संधी मिळाली. ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानावर त्यांच्यासोबत 'गन्स एन रोझेस' हा त्या वेळचा सर्वांत तुफान गोरा बँडही होता. या बँडच्या १९८८ च्या एका गाण्यात कृष्णवर्णीयांना हलकट शिवी घातलेली होती, परदेशातून आलेल्यांना आणि समलिंगींनाही. ते गाणे ज्या अल्बममध्ये होते, तो अल्बम यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला होता आणि 'व्हिव्हिड'पेक्षा जास्त खपला. बाजाराने शिवीही घेतली आणि शिवी खाणाऱ्याचे गाणेही घेतले. दोन्ही एकाच पिशवीत. व्हर्नन रीडने भर मैदानात, हजारो लोकांपुढे, मंचावरून त्या शिवीचा निषेध केला. पाहुणा म्हणून बोलावलेल्या, केव्हाही दौऱ्यातून काढता येईल अशा बँडने हे केले. आमच्या दृष्टीने या बँडची खरी कसोटी ग्रॅमीच्या मंचावर झाली नाही, या मैदानावर झाली. आमच्याकडे साहित्य अकादमी, विद्यापीठ, सरकारी समिती अशा मंचांवर बोलावणे आले की भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

पुढची हकिगत थोडक्यात. १९९० साली 'टाइम्स अप' आला. आमच्या मते तो 'व्हिव्हिड'पेक्षा अधिक धीट अल्बम. त्यातल्या एल्विसच्या भक्तीची टर उडवणाऱ्या गाण्यात साक्षात लिटल रिचर्ड येऊन बोलून जातो. ज्याच्या गाण्याला इस्त्री झाली होती तोच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात! पुन्हा ग्रॅमी मिळाला, पण अल्बम तेराव्या क्रमांकावर थांबला आणि मान्यता गोल्डची, म्हणजे पाच लाखांची, राहिली. १९९२ साली स्किलिंग्ज बाहेर पडला, डग विम्बिश आला. १९९३ चा 'स्टेन' सव्विसाव्या क्रमांकावर राहिला. १९९५ साली बँड फुटला. या उतरणीला केवळ वर्णद्वेषच जबाबदार होता असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या वर्षांत सिॲटलकडून नव्या तऱ्हेचे रॉक आले आणि कितीतरी गोरे बँडही त्यात वाहून गेले. बँडमध्ये आपसांतही कुरबुरी होत्या. पण एक प्रश्न उरतोच. 'व्हिव्हिड'च्या यशानंतर कंपन्यांनी आपली खाती मोडली का? रॉकच्या टेबलावर काळ्या माणसाला रांगेशिवाय बसवले का? नाही. 'लिव्हिंग कलर' हा अपवाद म्हणून मिरवला गेला. 'फिशबोन', 'बॅड ब्रेन्स' यांसारख्या त्या काळच्या कृष्णवर्णीय बँडना वीस लाखांचा आकडा दिसलाच नाही. अपवादाचा हार घालायचा आणि नियम जसाच्या तसा ठेवायचा, ही प्रस्थापितांची जुनी हातोटी आहे.

२००० साली बँड पुन्हा एकत्र आला, नवे अल्बमही काढले. २०११ पासून 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी' हे गाणे अमेरिकन कुस्तीतला सीएम पंक आखाड्यात येताना वाजू लागले. आज आमच्याकडची कुस्ती पाहणारी पोरेही ते गाणे ओळखतात. माल्कम एक्स मात्र किती जण ओळखतात, देव जाणे. म्हणजे देव असलाच तर.

हे सगळे आम्ही एवढ्या विस्ताराने का लिहिले? कारण भीमगीतांचा बाजारही असाच एक खण आहे. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर आधी कॅसेटी खपल्या, मग सीड्या, मग मेमरी कार्डे, आणि आता मोबाइलवर गाणी ऐकली जातात. खप प्रचंड. पण तो महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात मोजला जात नाही. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांच्या आवाजावर समाज उभा राहिला, आणि सुगम संगीताच्या पुस्तकांत त्यांना मिळते ते 'लोककला' नावाचे शेवटचे प्रकरण. एप्रिल आणि डिसेंबर आले की गायकाची आठवण, बाकी दहा महिने दुष्काळ.

आणि कागदाचे काय? आमच्या शाहिरीत शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा घालण्याची परंपरा आहे. वामनदादा 'वामन' घालत. छापील पुस्तक नसलेल्या समाजाचा तो कॉपीराइटच म्हणा. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत शाहिराचा मुलगा आमच्याकडे एक कॅसेट आणि एक कागद घेऊन आला. कॅसेटवर वडिलांचे गाणे होते, शेवटचे कडवे कापलेले. कव्हरवर 'पारंपरिक' असे छापलेले. कागदावर चार ओळी, खाली अंगठ्यासारखी सही, एकरकमी काहीशे रुपये पावले, सर्व हक्क कायमचे दिले. चक बेरीच्या गाण्यावर दोन नावे चढवली होती, इथे होते ते एकमेव नाव उतरवले. चक बेरीला एकतीस वर्षांनी तरी नाव परत मिळाले.

म्हणून आमच्या तरुण कलावंतांना, मग ते शाहिरी करोत, रॅप करोत की गळ्यात गिटार अडकवोत, कायद्यातली चार कलमे सांगून ठेवतो. आजच्या कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतराचा करार लेखी व सहीचा हवा. कोणते गाणे, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मानधन किती, हे त्यात हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. कंपनीने हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळे काही लिहिले नसेल, तर ते हक्क संपतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा जो हक्क आहे, तो त्यांनी स्वतः सही करून सोडला तरी सुटत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. आणि कलम ५७ प्रमाणे, सगळे हक्क विकल्यावरही, हे काव्य माझे आहे असे सांगण्याचा आणि त्याची मानहानीकारक मोडतोड थांबवण्याचा हक्क कवीकडेच राहतो. २०१२ पासून ते सांगण्याचा अधिकार वारसांनाही आहे.

मुदतीचा आणि प्रदेशाचा फायदा १० मे १९९५ पूर्वीच्या करारांना मिळत नाही, त्यामुळे जुन्या कॅसेट कंपन्यांचे कागद त्या तारखेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे आधी पाहावे. नाममुद्रा कापलेल्या गाण्यांना मात्र कलम ५७ लागू पडू शकते. कवीचे हस्तलिखित, जुनी वही, जलशाचे हँडबिल, गाणे त्याच्या तोंडून ऐकलेल्या माणसांचे जबाब, हा सगळा पुरावा आहे आणि तो म्हाताऱ्या माणसांबरोबर दर वर्षी संपत चालला आहे. येत्या १४ एप्रिलच्या जयंती मंडळांच्या बैठकांत डीजेचे भाडे ठरवण्याआधी, आपल्या तालुक्यातल्या शाहिरांच्या वह्या कोणाच्या ट्रंकेत आहेत याची यादी करायला दोन पोरे लावली तरी पुरे.